नसलेल्या देशाची स्मारके : वाचकांच्या शंका

मागच्या अंकात आम्ही एक स्पर्धा जाहीर केली होती. मनातल्या मनात एक देश उभा करायचा, त्याचे एकच राष्ट्रीय स्मारक ठरवायचे आणि त्याची प्रतिकृती २ फूट बाय २ फुटांच्या पाटावर करून आणायची. सोबत एक पानाचे टिपण. वाटले होते, पत्रे येतील ती त्या देशांच्या राजे-राण्यांबद्दल. आली ती चुना, तांबे, पीओपी आणि अक्षरांच्या उंचीबद्दल. बरेच झाले. देश खोटा असला तरी पाऊस, वारा आणि बघणाऱ्याची मान खरीच असते. खालची उत्तरे एका शिल्पकाराने आणि एका वास्तुसंवर्धकाने मिळून दिली आहेत.

आमचा देश म्हणजे एक बेट आहे. तिथल्या पहिल्या खलाशिणीचा चौथऱ्यासकट १०० फुटी पुतळा करायचा आहे. प्रमाण काय धरावे? पाटावर बसेल ना?
— गिरगावातल्या एका वाडीतले चार मित्र

पुतळा बसेल, बघणारा बसणार नाही. १:१०० प्रमाण धरा, म्हणजे पाटावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ मीटर. पाट साधारण ६० सेंटिमीटरचा, म्हणजे तुमची जागा ६० मीटर बाय ६० मीटर. १०० फूट म्हणजे साडेतीस मीटर, तेव्हा पुतळा पाटावर ३० सेंटिमीटरचा झाला. इथपर्यंत ठीक. आता स्मारक कुठून बघायचे याचा जुना हिशेब असा : उंचीइतक्या अंतरावर उभे राहिले की बारकावे दिसतात, पण मान वर करावी लागते. दुप्पट अंतरावर अख्खे स्मारक एका नजरेत मावते. तिप्पट अंतरावरून ते आजूबाजूच्या परिसरासकट दिसते. तुमच्या खलाशिणीला नीट बघायला ६१ मीटर मागे जावे लागेल, आणि तिथे तुमचा पाट संपलेला असेल. बेटच आहे म्हणता, म्हणजे माणूस समुद्रात.

एकूण उंची १२ मीटर ठेवा. ४ मीटर चौथरा, ८ मीटर आकृती. समोर ३६ मीटर मोकळे अंगण सोडले की तिन्ही अंतरे पाटावर मिळतात. मागे उरलेल्या जागेत पायऱ्या, झाडे, काय हवे ते करा. स्मारक पाटाच्या मधोमध ठेवण्याचा मोह मात्र टाळा, त्याने पुढची जागा निम्मी होते.

दुसरी चूक बहुतेक जण करतात ती आत्ताच सांगतो. १२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यापासून पुतळ्याचे पाय सव्वाबारा मीटरवर असतात, डोके सोळा मीटरवर. त्यामुळे डोके पायांच्या मानाने पाऊणपट दिसते. टेबलावर ठेवून घडवलेली सुबक आकृती चौथऱ्यावर चढली की बुटक्या डोक्याची का वाटते, ते यामुळे. छातीपासून वरचा भाग आठ-दहा टक्के मोठा करा आणि मान थोडी पुढे झुकवा. पूर्ण भरपाई करू नका, नाहीतर लांबून डोके घागरीएवढे दिसेल.

तपासायचे कसे? पुठ्ठ्याची १.६ सेंटिमीटर उंचीची चार-पाच माणसे कापून अंगणात उभी करा. मग मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग पाटाजवळ येते, आणि त्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढा. वरून बघून केलेल्या प्रतिकृतीतले सगळे दोष त्या एका फोटोत उघडे पडतात.

स्पर्धेसाठी नाही, मंडळाच्या देखाव्यासाठी विचारतो. नसलेल्या देशाचे १४ फुटी विजयद्वार करायचे आहे. गेल्या खेपेला पीओपीचे पत्रे तडकले आणि थर्माकोलची नक्षी रंग मारताना विरघळली. कुठे चुकले?
— लालबागमधील एक कार्यकर्ता

आधी एक गोष्ट. तात्पुरत्या कामाला कमी लेखू नका. लंडनचा सेनोटाफ, म्हणजे युद्धात गेलेल्यांचे स्मारक, १९१९ मध्ये विजय-संचलनासाठी लाकूड आणि प्लास्टरचा उभारला होता. लोकांनी आग्रह धरला म्हणून १९२० मध्ये तो दगडात झाला. आपल्या अपोलो बंदरावर १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज उतरला तेव्हा त्याने पाहिले ते गेटवेचे पुठ्ठ्याचे रूप. आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि खरी कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे देखावा आधी, दगड मागाहून.

आता पीओपी. भांड्यात पाणी आधी घ्यायचे, भुकटी मागून. १ लिटर पाण्याला साधारण दीड किलो. मुठीने भुरभुरत टाकत राहायचे. पाण्यावर कोरडी बेटे उरायला लागली की थांबायचे. मिनिटभर मुरू द्यायचे, मग हळू ढवळायचे. जोरात ढवळले तर हवेचे बुडबुडे शिरतात आणि घट्टही लवकर होते. हाताशी आठ-दहा मिनिटे मिळतात. घट्ट व्हायला लागलेल्या पीओपीत वरून पाणी घालून 'मऊ' करणे हा हमखास घोटाळा आहे. त्यात धरायला लागलेले स्फटिक मोडतात, नंतर पत्रा खडूसारखा भुसभुशीत होतो. दुसरा घोटाळा पोत्याचा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडे राहिलेले पोते मेलेले असते. वाटीभर कालवून बघा. वीस मिनिटांत घट्ट झाले नाही, हाताला गरम लागले नाही, तर ते पोते कामातून गेले.

पत्रा ओतताना पहिला थर ३ मिलिमीटर, त्यावर पिंजून पातळ केलेला काथ्या पीओपीच्या पाण्यात बुडवून, मग दुसरा थर, मिळून १० मिलिमीटर. कडा दुप्पट जाड ठेवा. ६० बाय ९० सेंटिमीटरपेक्षा मोठा पत्रा करू नका. तुमचे पत्रे तडकले ते बहुधा मिश्रणामुळे नाही, बसवण्यामुळे. खिळा थेट पत्र्यातून बांबूत ठोकला की संपलेच. बांबू वाऱ्याने हलतो, भिजून फुगतो, वाळून आकसतो. पीओपीला हलणे ठाऊक नाही. मागच्या बाजूला काथ्याचे पीओपीत बुडवलेले गुच्छ चिकटवा, त्यातून जस्ती तार ओवा आणि पत्रा चौकटीला तारेने बांधा. दोन पत्र्यांत तीन-चार मिलिमीटर फट सोडून ती सगळ्यात शेवटी भरा.

वजनाचा हिशेब मांडववाल्याला आधी द्या. वाळलेला १० मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ११-१२ किलो भरतो, ताजा ओला त्याच्या जवळजवळ दीडपट. १४ फुटी दाराचे दर्शनी आणि आतले अंग मिळून ४० चौरस मीटर धरले तर वाळल्यावरही साडेचारशे-पाचशे किलो. हे सगळे पुढच्या बाजूला लोंबते, म्हणून चौकट मागून तिरप्या टेकूंनी आवळायला हवी. वरची कमान शक्यतो पीओपीची करूच नका. डोक्यावर असलेली प्रत्येक गोष्ट कापड, पुठ्ठा किंवा लगद्याची.

थर्माकोल विरघळला तो रंगातल्या थिनरमुळे. फवाऱ्याच्या डब्यातला रंग आणि रबरी गोंद, दोन्ही त्याला खातात. पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला. नक्षीसाठी कागदाचा लगदा वापरा : १ किलो रद्दी एक दिवस भिजवून कुटायची, घट्ट पिळायची, त्यात १ किलो व्हायटिंग (खडूची भुकटी) आणि पाव किलो गोंद. बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी आहे, हातमोजे घाला, आणि ज्या घमेल्यात कालवाल ते पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नका. बोटभर जाडीच्या नक्षीला वाळायला भाद्रपदात आठवडा लागतो. आदल्या रात्री करायचे काम नव्हे.

माझ्या देशाचं स्मारक तांब्याचं आहे. ते हिरवं रंगवू की तांबूस? आणि तांबं हिरवं का होतं?
— इयत्ता आठवी, मुलुंड

स्मारकाचे वय किती ते आधी ठरव. नवे तांबे काही आठवड्यांत तपकिरी पडते, काही वर्षांत गडद होते आणि हिरवे व्हायला त्याहून पुष्कळ वर्षे लागतात. शहरातल्या हवेत गंधकाचे क्षार बनतात, समुद्राजवळ क्लोराइडचे. दोन्ही हिरवे दिसतात आणि आतल्या धातूवर सालीसारखे बसतात.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये खुला झाला तेव्हा तांबूसच होता. ४६ मीटर उंच बाई, पण तिचा पत्रा फक्त २.४ मिलिमीटर जाड! तो पत्रा आतल्या लोखंडी सांगाड्यावर बसवला आहे. तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी आले की छोटी बॅटरी तयार होते, आणि तिच्यात लोखंड झिजते. हे बांधणाऱ्यांना माहीत होते, म्हणून दोन्हींच्या मध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉसचे कापड घातले. ते कालांतराने कुजले. लोखंड गंजून फुगले आणि पत्र्याचे रिव्हेट उपटले. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉन लावले. तुझ्या टिपणात 'आत लोखंडी सांगाडा' असे लिहिणार असशील, तर मध्ये काय घातले तेही लिही. परीक्षक तिथेच थांबून वाचतील.

रंगवताना आधी सगळीकडे गडद तपकिरी ॲक्रिलिक मार. वाळल्यावर हिरव्यात पांढरा मिसळून, खूप पाणी घालून, वरून खाली ओघळ येतील असा हात फिरव आणि उंचवट्यांवरचा रंग फडक्याने टिप. हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या खोल चुण्यांत हिरवा लावू नकोस. तिथे पाऊस पोहोचत नाही, म्हणून खऱ्या पुतळ्यातही त्या जागा काळपट राहतात.

खरा रंग बघायचा असेल तर तांब्याच्या पट्टीला थोडे मीठ लाव, बंद डब्यात व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाशेजारी ठेव, पण पट्टी कापसाला टेकू देऊ नकोस. दोन-तीन दिवसांत निळसर हिरवी पूड दिसेल. ती विषारी आहे, तोंडाला हात लावू नकोस. आणि ही पावसातली साल नव्हे, जरा लवकर आलेली तिची चुलत बहीण.

आमच्या देशात राष्ट्रमातेच्या ब्राँझच्या पुतळ्याला दर वर्षी दह्या-लिंबाने न्हाऊ घालतात, असे टिपणात लिहिले आहे. चालेल ना?
— भांडुपहून एक गृहिणी

प्रथा गोड आहे, पुतळ्याला मात्र ती मारक. लिंबू, दही, चिंच, तिघांतही आम्ल असते. घासल्यावर ब्राँझ लखलखते, कारण वरची संरक्षक साल निघून जाते. उघडी पडलेली धातू नव्याने काळवंडते, पुढच्या वर्षी पुन्हा घासतात. दर खेपेला नाक-कानाच्या कडा बोथट होतात. शिवाय फटींत उरलेले दही आणि ओले हार ओलावा धरून ठेवतात. समुद्राकाठी त्यात मीठ मिसळले की फिकट हिरवी भुकटी फुटते, खाली खड्डा पडतो आणि तो खड्डा आतून खात जातो. ही साधी हिरवाई नव्हे. नखाने उडेल अशी ती असते, आणि तिचा उपचार तज्ज्ञाकडूनच.

तुमच्या देशातल्या पुजाऱ्यांना ही रीत द्या : वैशाखात आणि पुन्हा दसऱ्यानंतर, लिटरभर गोड्या पाण्यात चमचाभर सौम्य साबण, मऊ केसांचा ब्रश, वरून खाली. स्वच्छ पाण्याने दोनदा धुणे. उन्हात पूर्ण कोरडे होऊ देणे. मग पारदर्शक मेणाचा पातळ हात, आणि सुती फडक्याने पुसणे. ऑइलपेंट कधीही नाही. चौथऱ्याजवळ, पुतळ्याच्या तळाशी एक बोटभर भोक हवे, आत झिरपलेले पाणी बाहेर पडायला. बरेच पुतळे बाहेरून नव्हे, आतून सडतात ते या एका भोकाअभावी. अभिषेक ठेवायचाच असेल तर पायाशी दगडी पादुका करा आणि दही तिथे वाहा.

आमच्या वर्गाच्या देशात एक पूर आला आणि २४० माणसे गेली. त्यांच्या नावांची भिंत करायची आहे. नावे कोणत्या क्रमाने? अक्षरे किती मोठी? देवनागरीत दगडावर कोरताना काय सांभाळायचे?
— दादरच्या एका शाळेतील शिक्षिका

आलेल्या पत्रांत सर्वांत कठीण प्रश्न हाच, आणि तो मुलांनी काढला आहे हे विशेष.

क्रमाचे तीन मार्ग. एक, वर्णक्रम. नाव शोधायला सोपे, पण मग आडनावाने की नावाने ते ठरवावे लागते. एकाच घरातली चार माणसे आडनावाने शेजारी येतात, नावाने विखुरतात. पुरात घरेच्या घरे जातात, म्हणून तुमच्या बाबतीत आडनाव बरे. दोन, घटनेचा क्रम. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर, १९८२ चे ते, ५८ हजारांवर नावे मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली आहेत. नाव शोधायला सूची लागते, पण एकत्र गेलेले एकत्र राहतात. (तिथला काळा ग्रॅनाइट बंगळुरूच्या बाजूचा आहे.) तीन, जागेप्रमाणे, म्हणजे वाडी-वस्तीवार. पुराच्या स्मारकाला आमची पसंती यालाच. ज्या वस्तीतली माणसे गेली, तिचे नाव वर आणि खाली माणसे.

वर्णक्रम घेतलात तर क्ष आणि ज्ञ शेवटी की क आणि ज च्या पोटात, हे एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. संगणक बहुतेक वेळा पोटात टाकतो, शाळेतली बाराखडी शेवटी. अर्धी यादी एका रीतीने आणि अर्धी दुसऱ्या रीतीने लागली की दगडावर कायमची दिसते.

उंची. वाचणारा जितक्या अंतरावर उभा राहील त्याचा दोनशेवा भाग ही अक्षराची उंची, म्हणजे ५ मीटरवरून वाचायला २५ मिलिमीटर. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार लागतात, त्यामुळे ओळीओळीतले अंतर अक्षराच्या दुप्पट, ५० मिलिमीटर घ्या. रोमन लिपीच्या हिशेबाने दीडपट घेतले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. भिंतीवर नावे जमिनीपासून ६० सेंटिमीटरपासून १८० सेंटिमीटरपर्यंतच ठेवा. त्याखाली वाकावे लागते, वर म्हाताऱ्या आईचा हात पोहोचत नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावे कमानीच्या अंगावर आहेत. उंचावरची खालून वाचता येत नाहीत. १२० सेंटिमीटरमध्ये २४ ओळी. २४० नावांना १० रकाने. रकाना ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेचार मीटर भिंत. त्यात दोन रकाने कोरे ठेवून ५.४ मीटर करा. कोरी जागा हवीच, कारण यादी कधी पूर्ण नसते. आपल्या हुतात्मा चौकाचेच बघा : तोंडी '१०५ हुतात्मे' रुळले, पुढे आकडा १०६ आणि १०७ झाला. दिल्लीच्या २०१९ च्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नावे ग्रॅनाइटच्या सुट्या पाट्यांवर आहेत. तीही एक युक्ती.

कोरणे. इंग्रजी व्हीच्या आकाराचा चर ६० अंशांचा घेतला तर खोली रेषेच्या जाडीच्या साडेआठ-नऊ दशांश येते, म्हणजे ५ मिलिमीटर रेषेला साधारण सव्वाचार मिलिमीटर. उन्हाची सावली चरात पडते, रंगाची गरज राहत नाही. अक्षरात भरलेला रंग मुंबईच्या हवेत काही वर्षांत उडतो, आणि निम्मा उडालेला रंग कोऱ्या दगडापेक्षा वाईट दिसतो. शिरोरेषा हा देवनागरीचा नाजूक भाग : सलग आडवा चर, त्यात धूळ आणि पाणी साठते. म्हणून चराची खालची बाजू थोडी बाहेर उतरती ठेवतात. भुसभुशीत दगडात तिथूनच टवका निघतो, तेव्हा अक्षरांना घट्ट दगडच हवा.

आणि फाँट. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. कोरणाऱ्याच्या संगणकात जे असेल ते दगडावर उतरते. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' अशा आडनावांतला अर्धा र नीट येतो का ते आधी छापून बघा. अनेक फाँटांत तो रफार होऊन बसतो आणि गोऱ्ह्यांचे काहीतरी भलतेच होते. तपासणी दोघांनी करायची, आणि एकाने यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची. ओळखीची नावे सरळ वाचताना डोळा चूक दुरुस्त करूनच वाचतो.

तुमच्या पाटावर १:१०० मध्ये भिंत साडेपाच सेंटिमीटरचीही भरत नाही. अक्षर पाव मिलिमीटरचे होईल. ते लिहू नका. टाचणीने बारीक आडव्या रेघा ओढा, आणि सोबत एका नावाची पाटी खऱ्या आकारात, २५ मिलिमीटर अक्षरांत, पीओपीवर कोरून ठेवा. बघणाऱ्याला तेवढी पुरते.

समुद्राकाठच्या देशाला कोणता दगड द्यावा? सिमेंटने दुरुस्ती केलेली जुनी नक्षी पापुद्र्यांनी गळते, ती का?
— पार्ल्याचे एक निवृत्त वाचक

मुंबईने दोन्ही प्रयोग करून ठेवले आहेत. काळा कातळ घट्ट, पाणी पीत नाही, पण छिन्नीला दाद देत नाही. त्यामुळे नक्षीसाठी मऊ दगड शोधले गेले. फोर्टमधल्या विद्यापीठाच्या इमारतींत भिंतींना कुर्ल्याचा दगड आणि कोरीव कामाला पोरबंदरी आहे. गेटवेला पिवळा बेसाल्ट आणि सळईचे काँक्रीट आहे, जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या. फ्लोरा फाउंटन १८६४ चे, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचे. त्यावर वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर दुरुस्तीच्या वेळी काढावे लागले.

पोरबंदरी आणि पोर्टलंड हे चुनखडी दगड. त्यांत बारीक छिद्रे असतात. खारे पाणी आत जाते, पाणी उडते, मीठ मागे राहते, मीठ स्फटिक होऊन फुगते आणि दगडाचा पापुद्रा उडवते. सिमेंट त्यावर तेल ओतते : ते दगडापेक्षा कडक, पाणी न सोडणारे आणि स्वतःत क्षार बाळगणारे. सांध्यातून बाहेर पडणारा ओलावा सांधा बंद झाल्यामुळे दगडातूनच निघतो. सिमेंट जसेच्या तसे, बाजूचा दगड गेलेला. तुम्ही पाहिलेत ते हेच.

सांध्यांसाठी भिजवलेला चुना १ भाग, सुर्खी (विटांची पूड) १ भाग, वाळू २ भाग. वाळू गोडीच, चौपाटीची नव्हे. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी जुन्या गवंडीकामात घालत. मापाने घातले तर उपयोगी, हौसेने जास्त घातले तर बुरशीला मेजवानी. भरल्यावर दहा-बारा दिवस किलतान ओले ठेवायचे. चुना लवकर वाळला की तो धरत नाही, नुसता वाळतो.

एक पथ्य टिपणात जरूर घाला : सगळा दगड एका खाणीतून, एका वेळी. वॉशिंग्टनच्या स्तंभाचे काम १८५४ मध्ये पैशाअभावी थांबले आणि १८७९ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढचा संगमरवर दुसऱ्या खाणीतला होता. सुमारे ४६ मीटरवर रंग बदललेला आजही दिसतो.

अखंड ज्योत कशी दाखवावी?
— कुर्ल्याहून

खरी आग नको. पिवळट एलईडी, दोन पेन्सिल सेल, वर नारिंगी जिलेटिन कागदाची चुरगळलेली पुडी. सेल पाटाखाली, कळ मागे. दिल्लीच्या इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीला आधी सिलिंडरचा गॅस होता, २००६ पासून नळाचा; २०२२ मध्ये ती राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. तुमच्या देशात गॅस कुठून येतो, ते टिपणात एका ओळीत लिहा.

आमच्या देशाच्या स्तंभावर चार सिंह ठेवले तर?
— वडाळ्यातील एक विद्यार्थी

नको. सारनाथचे सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० पासून भारताची राजमुद्रा आहे, आणि तिच्या गैरवापरावर २००५ चा कायदा आहे. अशोकचक्रही सोडा. चार कासवे ठेवा, चार बगळे ठेवा. कासवे जास्त बरी. बगळ्याचे पाय १:१०० मध्ये टिकत नाहीत.

स्पर्धा झाल्यावर तेच स्मारक आमच्या सोसायटीबाहेरच्या चौकात खरोखर उभारता येईल का?
— अंधेरी

चौकात नाही. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी नवे पुतळे-बांधकामे उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. इतर जागी पुतळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. मातीच्याच, म्हणजे ओतकामाआधी. आधी ओतून मग परवानगी मागणाऱ्यांचे ब्राँझ वर्षानुवर्षे गोणपाटात राहते. वारसा यादीतल्या परिसरात असाल तर वारसा समितीही आली. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम बंदच, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. कुंपणाच्या आत, सोसायटीच्या बागेत दीड फुटी दगडी फलक लावा. त्यालाही सभेचा ठराव घ्या, नाहीतर पुढच्या सभेत तोच विषय.

बोरिवलीहून प्रतिकृती आणायची कशी? लोकलने आणली तर मोडणार.
— अनेक जण

पाट आधीच मधोमध कापून १ फूट बाय २ फुटांचे दोन तुकडे करा आणि खालून दोन बिजागऱ्या किंवा लाकडी खुंट्या द्या. कापाची रेघ अंगणातून जाऊ द्या, स्मारकातून नको. स्मारक स्क्रूने सुटे होईल असे बसवा : चौथऱ्याच्या तळात नट पीओपीत पुरायचा, पाटाखालून बोल्ट घालायचा. आकृती वेगळ्या डब्यात, उभी नव्हे, आडवी, जुन्या साडीत गुंडाळून. पीओपी निदान चार दिवस वाळलेले हवे, ओले असताना ते सगळ्यात आधी मानेशी मोडते. दुपारी बारा ते तीनच्या मध्ये निघा, मालडब्यात बसा आणि डबा मांडीवर ठेवा. वरच्या रॅकवर ठेवू नका, गाडी फलाटात शिरताना ब्रेक लागतो तेव्हा डबा पुढे घसरतो. सोबत एक पाकीट पुठ्ठ्याची जादा माणसे आणि थोडा पांढरा गोंद असू द्या. माणसे नेहमी हरवतात.